घरी काय लावलंत?

"घरी काय लावलंत?" मावशींनी विचारले.

"काही नाही," कोटवाले गृहस्थ म्हणाले.

"काहीच नाही?"

"अहो, काही म्हणजे काही नाही. चहा सांडला, तसाच कोट उचलला आणि तुमच्याकडे आणला."

मावशींनी कोटाची कॉलर नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले. सकाळच्या वेळी त्या धुलाईच्या दुकानात तीनचार गिऱ्हाइके रांगेत असतच. मावशी वास घेऊ लागल्या की लोक आपली घाई विसरून बघत राहत.

"चहा नाही हा," मावशी डोळे उघडून म्हणाल्या. "कॉलरच्या मागच्या बाजूला चहा सांडायचा तर माणसानं डोक्यावरून प्यायला हवा. हा कलप आहे. त्यावर लिंबू चोळलंय. लिंबानं गेला नाही म्हणून वर दात घासायची पेस्ट."

रांगेत कोणीतरी खुसकन हसले. गृहस्थांचा हात आपोआप आपल्या काळ्याभोर केसांकडे गेला.

"पेस्ट बायकोनं लावली," ते म्हणाले.

"आणि लिंबू?"

"लिंबू... मी."

"म्हणजे नवराबायकोनं मिळून कोटाचा जीव घेतलात. बरं, ठेवा. बघते काही धुगधुगी आहे का."

मावशींनी डागाभोवती खडूने एक कडे काढले, कोटाला नंबराची चिंधी टाचली आणि तो मागच्या टेबलावर टाकला. या दुकानात त्यांना एकतीस वर्षे झाली होती. त्यांचे काम एकच, डाग ओळखायचा आणि काढायचा. धुणारे वेगळे, इस्त्रीवाला वेगळा. कोणी त्यांना नावाने हाक मारत नसे. सगळे डागमावशी म्हणत, आणि त्याचा त्यांना रागही नव्हता. "माझ्यावर नाहीये डाग, माझ्या हाताखाली आहे," असे त्या म्हणत.

त्यांच्या धंद्याचे दोन नियम होते. ते त्यांनी कुठे वाचले नव्हते, कापडे जाळून शिकल्या होत्या. पहिला नियम असा की डाग काढता येतो, लोकांनी घरी केलेला इलाज काढता येत नाही. म्हणून आधी विचारायचे, घरी काय लावलंत? माणूस दोनदा नाही म्हणतो आणि तिसऱ्यांदा खरे बोलतो. दुसरा नियम, सुताचे औषध रेशमाला लावायचे नाही. जे औषध जाड्याभरड्या चादरीचा गंज काढते तेच रेशमी रुमालाला भोक पाडते. औषध वाईट नसते. जागा चुकते.

"मावशी, डोळे चोळू नका," इस्त्रीच्या टेबलामागून आवाज आला. "परत लाल करून घ्याल."

हा वाफेश्वर. त्याला हे नाव मावशींनीच दिले होते. तो उभा असे त्या कोपऱ्यात बॉयलरची नळी येई आणि दिवसभर वाफ फुसफुसत राही. त्या ढगात त्याचे डोके कधी दिसे, कधी नुसते हात. नवे गिऱ्हाईक आले की वाटे, शर्ट आपापलेच इस्त्री होत आहेत.

"चोळत नाहीये रे. खाजवतेय."

"मग लावा की आपलं खिळ्यावरचं."

खिळ्यावरचे म्हणजे मलम. दुकानाच्या मागच्या भिंतीला एक खिळा होता आणि त्याला सुतळीने एक मलमाची ट्यूब टांगलेली असे. तीन वर्षांपूर्वी औषधांमध्ये हात घालून घालून मावशींच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, रात्रभर खाज सुटायची. तेव्हा कातडीच्या डॉक्टरांनी ते मलम दहा दिवस लावायला दिले होते. दहा दिवसांत हात असे बरे झाले की मावशींनी ती ट्यूब देवासारखी भिंतीवर चढवली. पुढे ती संपली की रिकामी ट्यूब घेऊन कोणीतरी औषधाच्या दुकानात जाई, काउंटरवर ठेवी, आणि तसलीच दुसरी घेऊन येई. डॉक्टरांची चिठ्ठी कोणी मागितली नाही, यांनीही कोणी दाखवली नाही. धुणाऱ्यांच्या टाचा, वाफेश्वराचे चटके, पोस्टमनची मान, सगळ्यांना तेच. दुखणे कसलेही असो, खिळ्यावरचे लावले की बरे वाटे.

मावशींच्या पापण्यांना आठ महिन्यांपूर्वी खाज सुटली. त्यांनी विचार केला, हाताची खाज ती खाज, पापणीची खाज तीही खाज. करंगळीच्या टोकावर थोडे मलम घेऊन त्यांनी दोन्ही पापण्यांवर फिरवले. दोन दिवसांत पापण्या बाळाच्या गालासारख्या झाल्या. मग मलम थांबले. आठवड्याने खाज परत आली. मग मलमही परत आले. आता सकाळी एकदा आणि दुकान बंद करताना एकदा, असा रतीबच लागला होता.

त्या दिवशीही मावशींनी हात पुसले, सुतळी ओढली, करंगळीने दोन पापण्या रंगवल्या आणि म्हणाल्या, "आहाहा. याच्यापुढे डॉक्टर झक मारतो."

वाफेच्या ढगातून वाफेश्वर म्हणाला, "डॉक्टरच नाही का आपण?"

*

डाग तपासताना मावशी उजवा डोळा मिटत आणि डाव्या डोळ्याला भिंग लावत. त्यांना काम शिकवणारा म्हातारा कारागीर तसेच करी, म्हणून यांचीही सवय तीच. डावा डोळा हा त्यांचा कामाचा डोळा. उजव्याबद्दल त्या म्हणत, "तो नुसता सोबतीला आहे. पाहुण्यासारखा."

त्याच महिन्यात एक पांढरा टेबलक्लॉथ परत आला. बाईंनी तो काउंटरवर पसरला आणि खालच्या कोपऱ्यात बोट ठेवले. तेलाचा डाग होता, बटणाएवढा. त्याच्याभोवती खडूच्या कड्याची पुसट खूणही नव्हती. म्हणजे तो बघितलाच गेला नव्हता.

"हा नंतर पडला असेल," मावशी म्हणाल्या.

"कागदाची गुंडाळी आत्ता तुमच्यासमोर सोडली मी," बाई म्हणाल्या. भांडत नव्हत्या, आणि तेच जास्त लागले.

मावशींनी टेबलक्लॉथ पुन्हा ठेवून घेतला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मग आणखी एक शर्ट आला, मग एक पडदा. तिन्ही वेळा डाग खालच्या बाजूच्या कडेला. मालक मागे आले. त्यांच्या वडिलांनी मावशींना कामावर ठेवले तेव्हा हे मालक पाळण्यात होते, त्यामुळे गिऱ्हाइकांसमोर मावशी त्यांना अहो म्हणत आणि मागे अरे.

"मावशी, एक बोलू का?"

"तू मालक आहेस. बोलायला कोण अडवतंय?"

"चष्मा बदलून घ्या. नाहीतर काही दिवस काउंटरवर बसा. पावत्या फाडायच्या, बसून काम. डागांचं बघायला एखादी नवी मुलगी ठेवू."

मावशींनी भिंग पुसले. मग पुन्हा पुसले. एवढा वेळ भिंग पुसायचे काही कारण नव्हते. मालक गेल्यावर त्या वाफेश्वराला म्हणाल्या, "पावत्या फाडायच्या म्हणे. माकडालासुद्धा येतात पावत्या फाडता."

"माकड वास घेऊन सांगेल का कलप आहे म्हणून?"

"नाही ना? मग मी काय म्हणतेय!"

पण त्या दिवशी घरी जाताना त्यांचा पाय जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चुकला. कठडा हातात होता म्हणून निभावले. ते त्यांनी कोणाला सांगितले नाही.

*

नंतरच्या आठवड्यात बॉयलरची तपासणी आली आणि तो दोन दिवस बंद राहिला. दुकान एकदम अनोळखी वाटू लागले. फुसफुस नाही, ढग नाही. वाफेश्वर डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसत होता आणि त्यामुळे जरा अवघडला होता. टेबलावर बसून तो पाय हलवत शेंगा खात होता.

संध्याकाळी दिवे लावले. मावशी सुया डबीत भरत होत्या. सहज वर पाहिले आणि म्हणाल्या, "बॉयलर चालू केला का रे?"

"नाही. उद्या."

"मग ही वाफ कुठली?"

"कसली वाफ?"

"दिव्याभोवती कडी दिसतायत ना. तांबडं, मग पिवळं, मग निळं. रोज दिसतात तशी."

वाफेश्वराने दिव्याकडे पाहिले. शेंग तोंडाकडे नेता नेता थांबली. "मावशी, दिव्याभोवती काहीच नाहीये."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. नुसता दिवा आहे."

मावशींनी सुयांची डबी खाली ठेवली. दिव्याभोवतीची ती कडी त्या कित्येक महिने बघत होत्या आणि कधी मनावर घेतली नव्हती. दुकानात वाफ असते, वाफेत दिव्याला कडे पडते, यात नवल ते काय? घरी रात्री दिसत, तेव्हा त्या म्हणत, दिवसभराची वाफ डोळ्यात बसली आहे, झोपले की उतरेल. धंद्यात राहिलेल्या माणसाला आपल्या धंद्याचे कारण सगळीकडे पुरते. आज हवा कोरडी ठणठणीत होती आणि कडी तशीच होती.

डाग कापडावर आहे की भिंगाच्या काचेवर, हे ओळखायची त्यांची एक रीत होती. भिंग पुसायचे आणि पुन्हा बघायचे. त्यांनी पदराच्या टोकाने डोळे पुसले. कडी तिथेच. एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्हीत कडी होती, आणि डाव्यात जास्त ठळक. मग डाव्या डोळ्याने भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहताना त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. खालच्या ओळीतल्या तारखा शेवटाकडे पुसट होत होत्या. कोणीतरी ओल्या बोळ्याने पुसल्यासारख्या.

"वाफेश्वरा," त्या हळूच म्हणाल्या, "हा डाग कापडावर नाही रे."

*

घरी मावशी आणि त्यांच्या नणंदबाई अशा दोघीच होत्या. दोघींचेही नवरे जाऊन वर्षे झाली होती. वन्सं टेलिफोनच्या कचेरीत तीस वर्षे लोकांचे फोन जोडून देत होत्या. लोकांना बोलायला लावायचे आणि आपण गप्प बसायचे, असे ते काम. निवृत्त झाल्यापासून त्या ती सगळी उधारी वसूल करत होत्या.

"वन्सं, तुम्हांला दिव्याभोवती काही दिसतं का?"

"धूळ दिसते. या आठवड्यात पुसायची पाळी तुझी होती. का गं?"

मावशींनी सांगितले. वन्सं एरवी मध्ये तीनदा बोलल्या असत्या. त्या एकदाही बोलल्या नाहीत. ऐकून झाल्यावर उठल्या, उद्याचे लुगडे-बिगडे काही न बघता दाराच्या खुंटीवर आपली पिशवी अडकवून आल्या आणि म्हणाल्या, "सकाळी आठला निघायचं. डोळ्यांच्या दवाखान्यात नऊनंतर पाय ठेवायला जागा नसते."

"उद्या बॉयलर सुरू व्हायचाय. कामाचा ढीग..."

"तो वाफेश्वर बघेल. तू बघायची राहिलीस तर ढीग काय कामाचा? वहिनी, तीस वर्षं मी लोकांना जोडून दिलं. आज तुला जोडून देते. गप चल."

मावशींना हसू आले.

दवाखाना दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे होता. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. मावशींनी चेहरा आधी पाहिला नव्हता, पण कोट ओळखला.

"चोवीस नंबर," त्या म्हणाल्या. "डाव्या खिशाला दर आठवड्याला शाई. पेनाला टोपण लावत जा, बाई."

डॉक्टरीणबाईंनी खिशाकडे पाहिले. पेन उघडेच होते. त्या हसल्या आणि टोपण लावले. "म्हणजे ती शाई तुम्ही काढता होय!"

मग तपासणी झाली. हनुवटी यंत्रावर टेकवली, निळा उजेड डोळ्यापर्यंत आला. डोळ्यात थेंब घातले, दाब मोजला. एका डोळ्यावर पट्टी बांधून पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात बघायला लावले. बारीक ठिपका दिसला की बटण दाबायचे. मावशींना हा खेळ आवडला. ठिपके शोधणे हाच तर त्यांचा जन्माचा धंदा. त्यांनी भराभर बटण दाबले. डाव्या डोळ्याच्या वेळी मध्येच बराच वेळ ठिपका आला नाही. "यंत्र बंद पडलं की काय?" त्यांनी विचारले. पलीकडची मुलगी म्हणाली, "नाही आजी, चालू आहे." मावशींचा हात बटणावर तसाच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवले. "दाब दोन्ही डोळ्यांत फार वाढलाय, दिव्याभोवतीची ती कडी त्यामुळेच दिसतात. घरात कोणाला काचबिंदू होता?"

"कोणालाच नाही."

"गोळ्या कसल्या चालू आहेत? दम्याचा फवारा वगैरे?"

"नाही."

"डोळ्यांत काही घालता?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"अहो, काही म्हणजे काही नाही," मावशी म्हणाल्या.

आणि म्हणता म्हणता त्यांना कोटवाले गृहस्थ आठवले. तोच सूर. शब्दसुद्धा तेच.

"आणि ते खिळ्यावरचं?" वन्सं म्हणाल्या.

"ते डोळ्यांत कुठे घालते मी? ते पापण्यांवर."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. "पापण्यांवर काय लावता?"

ही तिसरी वेळ होती. मावशींनी खरे सांगितले. हातांच्या भेगा, कातडीचे डॉक्टर, खिळा, सुतळी, सकाळ-संध्याकाळ, आठ महिने. वन्संनी पिशवीतून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. सकाळी दुकानात जाऊन त्यांनी ती सुतळीसकट उचलून आणली होती, हे मावशींना माहीतही नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली. त्यांनी आवाज चढवला नाही. "यात स्टेरॉइड आहे, मावशी. ते खाज आणि लाली लगेच दाबून टाकतं, म्हणून माणसाला वाटतं बरं झालं. तुमच्या डॉक्टरांनी हातांना दहा दिवस दिलं ते बरोबरच दिलं. पण पापणीची कातडी म्हणजे..."

"रेशीम," मावशी म्हणाल्या.

"हो. अंगावरची सगळ्यात पातळ. तिच्यातून औषध आत झिरपतं, डोळा चोळला की कडेनं डोळ्यातही जातं. काही जणांच्या डोळ्यांत त्यानं दाब वाढतो. दुखत नाही, खुपत नाही. मागची नस मात्र हळूहळू दबत जाते."

"सुताचं औषध रेशमाला," मावशी आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं लोकांना शिव्या दिल्या मी यावरून."

"डोळ्यांसाठीची मलमं वेगळी असतात. ती डोळ्यात गेली तरी चालतील अशीच केलेली असतात. आणि तीसुद्धा तपासल्याशिवाय, मनानं लावायची नाहीत."

"मग आता? जे गेलं ते?"

डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्याचा कागद फिरवून दाखवला. करड्या रंगाच्या गोलात खालच्या कडेला एक काळा तुकडा होता. बटणाएवढा.

"हा परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? पण तुम्ही लवकर आलात. मलम आजपासून बंद. थेंब देते, वेळ चुकवायची नाही. दाब उतरला की बाकीचं सगळं आपण राखू. उजवा डोळा शाबूत आहे. कडी बघून आलात ते बरं केलंत. आणखी वर्षभर वाफच समजत बसला असता तर अवघड होतं."

मावशी त्या काळ्या तुकड्याकडे बघत राहिल्या. त्यांनी आयुष्यात हजारो डाग पाहिले होते. हा एक निघणार नव्हता. वन्संनी टेबलाखालून त्यांचा हात धरला.

"आणि पहिल्यांदा खाज कशानं सुटली, ते बघायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात दाखवा."

त्यांनी मावशींची बोटे उलटसुलट केली. मग त्यांनी काय केले, तर बोटे नाकाजवळ नेली आणि वास घेतला.

"डाग काढायची औषधं," त्या म्हणाल्या. "याच बोटांनी डोळे चोळत असणार. हातमोजे घाला रबरी. मोजे नसतील तेव्हा हात साबणानं धुवा, आणि मगच डोळ्यांकडे न्या."

मावशी थक्क होऊन बघत राहिल्या. बाहेर आल्यावर वन्संना म्हणाल्या, "बाई हुशार आहे हो. वास घेते."

*

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. मलम सुटल्यावर पापण्या आधीपेक्षा दुप्पट सुजल्या, लाल झाल्या, सोलल्या. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवले होते, म्हणून मावशी घाबरल्या नाहीत, पण हात शिवशिवत. वाफेश्वराने त्यांच्यासाठी रबरी मोजे आणले. निळे होते, कोपरापर्यंत. ते घालून मावशी काउंटरवर आल्या की दुकानातली मुले म्हणत, आज ऑपरेशन कोणाचं?

खिळ्यावर ट्यूब परत आली, पण मावशींच्या अटीवर. चिंधीवर धुऊन न जाणाऱ्या शाईने त्यांनी जाड अक्षरांत लिहिले आणि ती सुतळीला घट्ट गाठ मारून बांधली. फक्त डॉक्टरनं दिलं असेल त्यानंच. डोळ्यांना कधीही नाही. धुणाऱ्यांना बोलावून वाचून घेतले. पोस्टमन मान खाजवत आला तेव्हा त्यालाही वाचायला लावले.

"मावशी, ट्यूबबरोबर एक कागद येतो ना?" पोस्टमन म्हणाला. "त्यात नसतं का लिहिलेलं?"

मावशींनी वाफेश्वराकडे पाहिले. वाफेश्वराने खाली पाहिले. मग तो गुडघ्यावर बसला आणि इस्त्रीच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखालून एक चौघडी घातलेला कागद ओढून काढला. तीन वर्षे त्या कागदावर टेबल उभे होते. मावशींनी तो उलगडला, झटकला आणि भिंग लावून मोठ्याने वाचला. डोळ्यांजवळ लावू नये, असे तिसऱ्याच ओळीत होते.

बॉयलर तेवढा फुसफुसत होता.

"टेबल मात्र हललं नाही कधी," वाफेश्वर म्हणाला.

मावशींना आधी राग आला. मग त्यांना हसू फुटले आणि ते आवरेना. पोस्टमन हसला, धुणारे हसले. डोळ्यांतून पाणी आले तेव्हा मावशींचा हात सवयीने वर गेला आणि वाफेश्वर ओरडला, "मोजे! मोजे!"

मालकांकडे त्या आपणहून गेल्या. "पावत्या मी फाडणार नाही," त्या म्हणाल्या. "एक महिना दे. एकसुद्धा डाग सुटला तर तुझी ती नवी मुलगी आण. मीच शिकवीन तिला."

मालक म्हणाले, "मावशी, दोन घ्या."

"एक पुरे."

*

महिना संपायला चार दिवस होते. सकाळची रांग होती. रांगेत शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः उभ्या होत्या, हातावर कोट. त्यांची पाळी आली.

"दाब छान उतरलाय तुमचा," त्या म्हणाल्या. "परवाचे आकडे बघितले मी."

"थेंब चुकवत नाही. वन्सं घड्याळ घेऊन बसतात, टेलिफोनच्या कचेरीत बसायच्या तशा. बरं, काय आणलंत?"

"शाई. आणि काय?"

मावशींनी निळ्या मोज्यांनी कोट उलगडला. "घरी काय लावलंत?"

"काही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"काहीच नाही?"

डॉक्टरीणबाईंनी मागे वळून रांगेकडे पाहिले. कोटवाले गृहस्थही रांगेत होते, केसांचे रहस्य उघडे पडल्यापासून जरा मोकळे झालेले. ते म्हणाले, "बाई, सांगून टाका. तिसऱ्यांदा सगळेच सांगतात."

"स्पिरिट," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "थोडंसंच. दवाखान्यात हाताशी होतं."

रांग हसली. मावशी हसल्या नाहीत. गंभीर चेहऱ्याने त्यांनी खिसा नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "लवकर आलात ते बरं केलंत. आणखी वर्षभर..."

"पुरे, पुरे," डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या आणि पावती घेऊन गेल्या.

मावशींनी कोट मागच्या टेबलावर पसरला. वर दिवा होता. त्यांनी सहज वर पाहिले. वाफेचा लोट दिव्यापर्यंत आला होता आणि त्यात एक फिकट कडे पडले होते. त्यांनी वाट पाहिली. वाफ विरली तसे कडेही विरले आणि नुसता दिवा राहिला.

मग त्यांनी डावा डोळा मिटला. भिंग उजव्या डोळ्याला लावले. एकतीस वर्षे पाहुण्यासारखा बसून राहिलेला तो डोळा अजून अडखळत होता, मध्येच पाणावत होता, बारीक वीण दिसायला त्याला वेळ लागत होता. मावशी त्याच्यावर रागावल्या नाहीत. नव्याला वेळ द्यावा लागतो. "सावकाश," त्या पुटपुटल्या. "घाई नाही. कड सोडायची नाही."

कोट त्यांनी पूर्ण फिरवला, एकदा, आणि पुन्हा एकदा. दुसऱ्या फेरीत बाहीच्या अगदी काठाला, शिवणीच्या आत, मोहरीएवढा एक ठिपका दिसला. तो ना डॉक्टरीणबाईंनी सांगितला होता, ना त्यांना ठाऊक असावा.

मावशींनी खडू घेतला आणि त्याच्याभोवती एक गोल कडे काढले. जरा वाकडे आले. त्यांनी ते पुसले आणि नीट काढले.